राउटर स्वतःचा, ओएनटी कंपनीचा: भरल्या घरासाठी टीपी-लिंक आर्चर एएक्स२३

पाच-सहा माणसांचं घर, दोन किंवा तीन बेडरूम, फायबरची १०० ते ३०० एमबीपीएसची लाइन. अशा घरासाठी आमचा कौल आधीच सांगून टाकतो. कंपनीने बसवलेला ओएनटी, म्हणजे फायबरची वायर ज्यात येते तो डबा, दारापाशी आहे तिथेच राहू द्या, त्याचं वाय-फाय बंद करा, तिथून एक चांगली कॅट-६ (नेटवर्कची, म्हणजे लॅनची) वायर घराच्या मधोमध न्या आणि तिच्या टोकाला टीपी-लिंक आर्चर एएक्स२३ लावा. प्लॅन १०० चा असेल आणि घर वन-बीएचके किंवा छोटं टू-बीएचके असेल, तर त्याच कंपनीचा आर्चर सी६ पुरतो आणि हजार-दीड हजार वाचतात. मेश संचावर, म्हणजे एकमेकांशी जोडून चालणाऱ्या दोन-तीन वाय-फाय डब्यांवर, पैसे घालायची वेळ फक्त जाड भिंतींच्या किंवा दुमजली घरांवर येते.

राउटर बदलायला निघालेला माणूस बहुतेक वेळा प्लॅन वाढवूनही नेट अडकतंय म्हणून निघालेला असतो. आकडेमोड केली तर प्लॅन क्वचितच कमी पडलेला दिसतो. एका टीव्हीवर फोर-के मालिका चालू असेल तर १५ ते २० एमबीपीएस, दुसऱ्या खोलीत एचडी व्हिडिओ ५, ऑफिसचा आणि शाळेचा असे दोन व्हिडिओ कॉल प्रत्येकी ३ ते ४, ऑनलाइन गेमला तर एकसुद्धा धड लागत नाही. सगळं एकाच वेळी चाललं तरी बेरीज चाळिसाच्या आत राहते. शंभराची लाइन असलेल्या घरात आतल्या खोलीत कॉल तुटतो तो लाइनमुळे नाही. तो तुटतो दाराजवळच्या डब्याचं वाय-फाय तिथपर्यंत पोचत नाही म्हणून, किंवा त्या डब्यावर एकाच वेळी पंचवीस उपकरणं लोंबकळत असतात म्हणून. सहा फोन, दोन लॅपटॉप, एक टॅब, दोन टीव्ही, तीन कॅमेरे, प्रिंटर, एसी, गीझरचा स्मार्ट प्लग, दारावरची बेल: विसाच्या जवळ कधी पोचलो ते कळतही नाही. कंपनीच्या बऱ्याच ओएनटींमध्ये वाय-फायवर जास्तीत जास्त किती उपकरणं घ्यायची याचं एक सेटिंग असतं आणि काहींत ते ३२ वर ठेवलेलं असतं. सणाला पाहुणे आले, प्रत्येकाने पासवर्ड टाकला, की तेहतिसाव्या फोनला नुसतं ‘कनेक्ट होत आहे’ दिसत राहतं.

आधी ‘मोडेम’चं बघू

दुकानात आणि ऑनलाइन अजूनही ‘मोडेम राउटर’ नावाने एडीएसएल किंवा व्हीडीएसएलचे डबे विकले जातात. त्यांच्या पाठीमागे टेलिफोनच्या वायरीचं छोटं भोक असतं. ते तांब्याच्या जुन्या लँडलाइनसाठी. फायबरच्या घरात त्याचा उपयोग नाही, आणि नाव वाचून तोच घेऊन येणारे लोक कमी नाहीत. फायबरचं काम करतो तो ओएनटी, ज्याला केबलवाले ओएनयू म्हणतात. काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणं हे त्याचं खरं काम. वाय-फाय हे त्याला चिकटवलेलं जास्तीचं काम आहे, आणि तेच तो वाईट करतो.

ओएनटी स्वतःचा विकत घ्यावा का? आमचं उत्तर साधारणपणे नाही असंच आहे. मोठ्या कंपन्यांच्या लाइनवर ओएनटीचा सिरियल नंबर त्यांच्या यंत्रणेत नोंदलेला असतो. बाहेरचा डबा लावला तर लाल दिवा लागत नाही, सगळं ठीक दिसतं, फक्त नोंदणी होत नाही आणि नेट येत नाही. लोकल केबलवाल्याकडे मात्र ‘ओएनयू तुमचा आणा’ असं सांगितलं जातं. तेव्हा पहिला प्रश्न विचारा: फायबरच्या दोन पद्धतींपैकी लाइन जीपॉन आहे की ईपॉन? जीपॉनमध्ये खाली येणारा वेग सुमारे २.५ आणि वर जाणारा १.२५ जीबीपीएस, ईपॉनमध्ये दोन्हीकडे १.२५, घरगुती प्लॅनला दोन्ही पुरून उरतात, पण एकाचा डबा दुसऱ्यावर चालत नाही. ‘एक्सपॉन’ लिहिलेले डबे दोन्हीवर चालतात. केबलवाला बदलायची शक्यता असेल तर तोच घ्या.

दुसरी गोष्ट पोर्टांची. स्वस्त ओएनयूंवर दोन लॅन पोर्ट असतात आणि डब्यावर ‘१जीई+१एफई’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे एक पोर्ट गिगाबिट (हजार एमबीपीएसचा) आणि दुसरा शंभरचा. दोन्ही दिसायला सारखेच. लाइनमन घाईत वायर शंभरच्या पोर्टात खोचून जातो आणि ३०० च्या प्लॅनवर स्पीड टेस्ट ९४ च्या पुढे हलत नाही. हा ९४ चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्पीड टेस्ट पुन्हा पुन्हा ९३-९५ वर येऊन थांबत असेल, तर साखळीत कुठेतरी १०० चा पोर्ट किंवा अर्धवट वायर आहे हे नक्की समजा. वाय-फायचा दोष असता तर आकडा वरखाली झाला असता.

ओएनटीच्या स्टेटस पानावर ‘आरएक्स पॉवर’ म्हणून एक उणे आकडा दिसतो, डीबीएममध्ये. तो -१५ ते -२४ च्या दरम्यान असेल तर निर्धास्त राहा. -२७ च्या आसपास गेला की पावसात, उन्हात, कोणी वायरीला धक्का दिला तरी नेट जायला लागतं आणि एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लुकलुकतो. हा आकडा -८ पेक्षा जोरात असला तरीही चालत नाही, पण तसं घरी क्वचित होतं. कमी सिग्नलची कारणं ठरावीक आहेत. काचेची वायर कोपऱ्यात काटकोनात दुमडलेली असते, किंवा दाराच्या फटीत चेपलेली असते, किंवा जोडणीच्या टोकावर धूळ बसलेली असते. चौथं कारण बघायला सगळ्यात सोपं आणि दुर्लक्षिलं जाणारं: हिरव्या टोकाची पॅच कॉर्ड निळ्या सॉकेटात घातलेली असते. हिरव्याचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सपाट; दोन्ही एकमेकांत बसतात, पण मध्ये फट राहून प्रकाश गळतो. बाहेर केबलवाल्याने एकापुढे एक स्प्लिटर लावत नेले असतील तर प्रत्येक वेळी दोन वाटे झाले की साडेतीन डीबीपर्यंत सिग्नल खाली जातो. त्याचं उत्तर घरात नाही, त्याच्याकडेच तक्रार करावी लागते. मात्र तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ म्हणण्यापेक्षा ‘आरएक्स -२६.८ दिसतोय’ म्हणा, माणूस लवकर येतो. सुट्या टोकात डोळा घालून बघू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण असतो.

एएक्स२३ जवळून

खोक्यावर एएक्स१८०० लिहिलं आहे. हा आकडा कुठून येतो? २.४ गिगाहर्ट्झवर ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवर १२०१, यांची बेरीज १७७५, आणि मग वर ओढून अठराशे. कुठल्याही एका फोनला अठराशे मिळणार नाहीत. दोन-दोन अँटेनांचा वाय-फाय ६ चा चांगला फोन त्याच खोलीत ५ गिगाहर्ट्झवर असेल, तर पाचशे ते सातशे एमबीपीएसची अपेक्षा ठेवावी. विटांच्या एका भिंतीपलीकडे साधारण तीनशे, दोन भिंती आणि एक कपाट मध्ये आलं की शंभराच्या आगेमागे. म्हणजे ३०० चा प्लॅन हॉलमध्ये आणि शेजारच्या खोलीत पूर्ण वापरता येतो, टोकाच्या खोलीत तिसरा हिस्सा. घरच्या कामाला तेवढं पुष्कळ झालं.

पाठीमागे एक वॅन (बाहेरून नेट येणारा) आणि चार लॅन (घरात नेट नेणारे), पाचही पोर्ट गिगाबिट. याच कारणासाठी आम्ही त्याला आर्चर सी२० सारख्या स्वस्त राउटरांच्या वर ठेवतो. सी२० चं वाय-फाय दोन बँडचं आहे खरं, पण पोर्ट शंभरचे, त्यामुळे १०० च्या वरचा प्लॅन त्याच्या दारातच अडतो. चार बाहेरच्या अँटेना, आत दोन कोअरचा प्रोसेसर. यूएसबी पोर्ट नाही; घरात पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क राउटरला लावून टीव्हीवर सिनेमे बघायची सवय असेल तर हा तुमच्यासाठी नाही. १६० मेगाहर्ट्झचा रुंद चॅनेलही नाही, त्याची उणीव आम्हाला वाटत नाही, कारण फार थोडे फोन तो वापरतात.

सी६ शी तुलना करायची तर सी६ हा वाय-फाय ५ चा, ३०० अधिक ८६७. त्याचेही सगळे पोर्ट गिगाबिट. घरातले फोन चार-पाच वर्षांपूर्वीचे, वाय-फाय ५ चे असतील, तर एएक्स२३ आणि सी६ यांच्यात त्या फोनांवर दिसणारा फरक थोडाच. वाय-फाय ६ चा खरा फायदा गर्दीत आहे. एकाच वेळी अनेक उपकरणांना छोटी छोटी पाकिटं वाटून देण्याची त्याची पद्धत सुधारलेली आहे, पण ती पद्धत समोरचं उपकरण वाय-फाय ६ चं असेल तरच लागू पडते. दरवर्षी एखाद-दुसरा फोन बदलणाऱ्या घरात हा हिशेब एएक्स२३ कडे झुकतो. ‘एएक्स१५००’ लिहिलेले थोडे स्वस्त राउटर मिळतात. त्यांत ५ गिगाहर्ट्झचा भाग नवा आणि २.४ चा भाग बहुधा जुना, ३०० चाच असतो. कॅमेरे, प्लग, बेल हे सगळे २.४ वर येतात, तेव्हा गर्दी जिथे जास्त तिथेच काटकसर, असा तो प्रकार आहे.

भाव ढोबळ सांगायचे तर सी६ दोन-अडीच हजार, एएक्स२३ साडेतीन-चार हजार. दोन्हींवर टीपी-लिंकची भारतात तीन वर्षांची वॉरंटी आहे. बिल जपून ठेवा आणि बाहेरून आणलेला स्वस्त माल घेऊ नका.

नापसंतीच्या गोष्टी दोन. राउटरची सेटिंगं करायचं टेदर हे मोबाइल अ‍ॅप सुरुवातीलाच टीपी-लिंकचं खातं उघडायला सुचवतं. ते टाळून ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडलं की सगळी सेटिंगं खात्याशिवाय करता येतात, आणि तीच पानं जास्त सविस्तर आहेत. दुसरी तक्रार क्यूओएसची. त्यात लाइनचा एकूण वेग भरून एखाद्या उपकरणाला प्राधान्य देता येतं एवढंच. त्याबद्दल पुढे बोलू.

जोडणी

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. एकामागे एक दोन राउटर लागले आणि दोघेही उपकरणांना आपापले आयपी पत्ते वाटायला लागले, की प्रिंटर एका जाळ्यात आणि लॅपटॉप दुसऱ्यात अशी गत होते. त्यातून सुटायचे दोन सरळ मार्ग आहेत.

पहिला, ओएनटी ब्रिजवर टाकणं, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करून तो सिग्नल नुसता पुढे देईल असं करणं. लोकल केबलवाले आणि बीएसएनएलच्या लाइनवर बहुधा पीपीपीओई असतं, म्हणजे युझरनेम-पासवर्ड. कंपनीकडून तीन गोष्टी मागून घ्या: पीपीपीओईचं युझरनेम, पासवर्ड, आणि व्हीलॅन आयडी (लाइनवरच्या डेटाला लावलेला क्रमांकाचा शिक्का). मग त्यांना ओएनटी ब्रिज करायला सांगा. एएक्स२३ च्या इंटरनेट पानावर पीपीपीओई निवडून युझरनेम-पासवर्ड भरा. ओएनटीच व्हीलॅनचा शिक्का काढून पुढे देत असेल, तर राउटरमध्ये व्हीलॅन भरायचा नसतो. दोन्हीकडे भरला तर कनेक्शन लागत नाही आणि लोक पासवर्ड चुकला समजून तासभर घालवतात. पीपीपीओई नसून जुन्या राउटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) केबलवाल्याकडे बांधलेला असेल, तर एकतर त्याला नवा कळवा किंवा राउटरमधल्या मॅक क्लोनमध्ये जुना भरा. ब्रिज केल्यावर ओएनटीला लावलेला लँडलाइन फोन सहसा चालूच राहतो, कारण आवाजाची लाइन आत वेगळी असते. कंपनीचा सेट-टॉप बॉक्स असेल तर तो ओएनटीच्याच पोर्टावर ठेवा.

दुसरा मार्ग, कंपनी ब्रिज करून देत नसेल तेव्हाचा. जिओफायबरच्या ओएनटीचं पान १९२.१६८.२९.१ वर उघडतं, बाकीच्यांचं बहुधा १९२.१६८.१.१ वर. तिथे जाऊन दोन्ही बँडचं वाय-फाय बंद करा. मग एएक्स२३ मध्ये ऑपरेशन मोड ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ करा आणि ओएनटीच्या गिगाबिट लॅन पोर्टातून आलेली वायर राउटरच्या वॅनमध्ये लावा. पत्ते ओएनटी वाटेल, वाय-फाय एएक्स२३ देईल, सगळं घर एकाच जाळ्यात राहील. यात गमावता काय, तर मुलांच्या फोनच्या वेळा ठरवणं आणि क्यूओएस, कारण अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये ही सेटिंगं निघून जातात. ती हवीच असतील तर राउटर मोडच ठेवा, ओएनटीत डीएमझेडला (बाहेरून येणारं सगळं एकाच उपकरणाकडे पाठवणारं सेटिंग) एएक्स२३ चा पत्ता द्या आणि घरातलं प्रत्येक उपकरण, टीव्हीसकट, एएक्स२३ वरच जोडा. दुहेरी पत्तेवाटप राहतं, पण सगळे एकाच बाजूला असल्यामुळे त्रास जाणवत नाही.

सीसीटीव्हीवाला येऊन ‘पोर्ट फॉरवर्ड करतो’ म्हणाला तर आधी राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर तो तुमच्या एकट्याचा नाही, अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून कॅमेरा दिसणार नाही. डीव्हीआरच्या कंपनीचं अ‍ॅप वापरा, नाहीतर जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे तुमच्या एकट्याचा कायमचा पत्ता, घ्या.

वाय-फायच्या पानावर फक्त एवढं बदला. २.४ गिगाहर्ट्झ: रुंदी २० मेगाहर्ट्झ, चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी ज्यावर शेजारी कमी असतील तो. सोसायटीत चाळीस मेगाहर्ट्झ ठेवलं तर सगळ्यांच्याच अंगावर येतं आणि वेग उलट घटतो. ५ गिगाहर्ट्झ: ८० मेगाहर्ट्झ. सुरक्षेत ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ हा मिश्र पर्याय; नुसता डब्ल्यूपीए३ केला तर जुना प्रिंटर आणि स्मार्ट प्लग जोडले जात नाहीत. स्मार्ट कनेक्ट, म्हणजे दोन्ही बँडला एकच नाव देणं, फोनांसाठी सोयीचं आहे, पण बल्ब-प्लग पहिल्यांदा जोडताना अडतात, कारण त्यांना २.४ च लागतो आणि फोन ५ वर बसलेला असतो. तेवढ्या वेळापुरतं स्मार्ट कनेक्ट बंद करा. किंवा २.४ वर गेस्ट नेटवर्क उघडून सगळी यंत्रं कायमची तिकडे टाका. आम्हाला हे जास्त पटतं, कारण स्वस्त कॅमेरे आणि तुमचा लॅपटॉप एका जाळ्यात नसलेले बरे.

वायर आणि जागा

हजार रुपये जास्त देऊन वरचा राउटर घेण्यापेक्षा तेच पैसे वायरीत घाला, हे आमचं ठाम मत आहे. नव्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या केबलसाठी भिंतीत टाकलेला पाइप बहुतेक रिकामा पडलेला असतो. त्यातून कॅट-६ ओढता येते. २३० व्होल्टच्या वायरीच्या पाइपातून मात्र ओढू नका. पाइप नसेल तर पट्टी मारून पॅसेजपर्यंत न्या. वायर घेताना पूर्ण तांब्याची आहे का विचारा आणि टोक खरवडून बघा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे. ती लवकर तुटते आणि लांब अंतरावर गिगाबिट टिकवत नाही.

क्रिंप करताना, म्हणजे वायरीच्या टोकाला प्लग बसवताना, आठही तारा लागल्या पाहिजेत. शंभरच्या वेगाला चारच तारा पुरतात, त्यामुळे जुने कारागीर चारच लावून मोकळे होतात, आणि मग तोच ९४ चा आकडा. क्रम दोन्ही टोकांना एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टेस्टरवर आठ दिवे क्रमाने लागताना स्वतः बघा. टेस्टर नसेल तर लॅपटॉप त्याच वायरीला लावून विंडोजमध्ये लिंक स्पीड बघा. १०००/१००० दिसलं पाहिजे.

राउटर पाच-सहा फुटांवर, उघड्यावर. टीव्ही युनिटच्या आत, एमसीबीच्या पत्र्याच्या पेटीत, आरशाच्या दाराच्या कपाटामागे ठेवू नका. पत्रा आणि आरशाचा मुलामा दोन्ही ५ गिगाहर्ट्झ गिळतात. ‘दिसायला बरं नाही’ म्हणून राउटर लपवणारी घरं आणि रेंजची तक्रार करणारी घरं बहुधा एकच असतात.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या भिंतींची घरं, जुने दगडी वाडे, स्लॅब मध्ये असलेले बंगले, इथे एक राउटर पुरणार नाही, मग तो दहा हजारांचा का असेना. तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट हवा, आणि तोही वायरीने जोडलेला. बिनतारी मेशमध्ये दुसरा डबा पहिल्याशी बोलायला तोच बँड वापरतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. शिवाय ज्या भिंतीतून फोनला रेंज मिळत नाही, त्याच भिंतीतून त्या डब्यालाही मिळवायची असते. टीपी-लिंकच्या डेको नावाच्या मेश डब्यांपैकी ई४ स्वस्त आहे पण त्याचे पोर्ट शंभरचे. एम४ चे गिगाबिट आहेत, आणि एक्स२० हा वाय-फाय ६ चा, गिगाबिट. वायर टाकायची तयारी असेल तर डेकोच्या जोडीपेक्षा एक एएक्स२३ आणि दुसऱ्या टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमधला सी६ स्वस्तात पडतो. दोघांना एकच नाव आणि एकच पासवर्ड द्या, चॅनेल मात्र वेगळे. भिंतीतल्या प्लगात खोचायचे रेंज एक्स्टेंडर घेऊ नका. दिव्यावर सगळ्या काड्या दिसतात आणि नेट चालत नाही, अशी त्यांची ख्याती आहे.

संध्याकाळी आठचा कॉल

वेग भरपूर, रेंज पूर्ण, तरी कॉलमध्ये आवाज तुटतो, तेव्हा वर जाणारी लाइन बघा. कोणाच्या तरी फोनवरून दिवसभराचे फोटो-व्हिडिओ आपोआप वर चढत असतात, कॅमेरे क्लाउडवर प्रत्येकी दोनेक एमबीपीएस पाठवत असतात, आणि कॉलची पाकिटं त्यांच्या मागे रांगेत उभी राहतात. खात्री करायची तर विंडोज लॅपटॉपच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘ping 8.8.8.8 -t’ सुरू करा आणि दुसऱ्या फोनवरून एक मोठा व्हिडिओ चढवायला लावा. एरवी ५-१० मिलिसेकंद दिसणारा आकडा दीडशे-दोनशेवर गेला, तर दुखणं हेच. एएक्स२३ च्या क्यूओएसमध्ये वर आणि खाली दोन्ही वेग प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या नव्वद टक्के भरा, आणि कामाच्या लॅपटॉपला प्राधान्य द्या. फरक पडतो, पूर्ण दुखणं जात नाही. क्यूओएस चालू केल्यावर प्रोसेसरवर ताण येतो, म्हणून तीनशेच्या वरच्या प्लॅनवर एकूण वेग थोडा उतरू शकतो. तंत्रात रस असलेल्यांसाठी: एएक्स२३ च्या पहिल्या आवृत्तीवर ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या जागी घालायचं मोफत सॉफ्टवेअर) चालतं आणि त्यात रांगेची व्यवस्था फार चांगली आहे. तळाच्या स्टिकरवरची आवृत्ती नीट बघूनच त्या वाटेला जा, नाहीतर वॉरंटीही जाईल आणि राउटरही.

वीज गेली तर

इन्व्हर्टर असूनही वीज गेली की नेट दोन-तीन मिनिटं जातं, हे बऱ्याच घरांत होतं. इन्व्हर्टर वीज बदलायला जो क्षण घेतो तेवढ्यात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि ओएनटीला परत नोंदणी करावी लागते. इन्व्हर्टरच्या पाठीमागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते दाबून बघा. बहुतेकदा काम तिथेच होतं.

इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, पण दोन डब्यांसाठी. नुसता राउटर चालू ठेवून उपयोग नाही, ओएनटीही चालला पाहिजे. दोन्ही अडॅप्टरवरचे आकडे वाचा: १२ व्होल्ट १ अँपिअर असे दोन असतील तर यूपीएस किमान २ अँपिअरचा आणि दोन आउटपुटांचा हवा. एखादा डबा ९ व्होल्टचा निघाला तर त्याला १२ ची पिन लावू नका, ती बसते आणि डबा जळतो. किती वेळ चालेल याचा हिशेब सोपा आहे. ८००० एमएएचची बॅटरी ३.७ व्होल्टला म्हणजे जवळजवळ ३० वॉट-तास, गळती जाऊन पंचवीस. दोन्ही डबे मिळून बारा वॉट खात असतील, तर दोन तास. जाहिरातीतले ‘सहा तास’ हे एका छोट्या राउटरचे असतात.

फायबर घरापर्यंत आलं असेल तर मधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे सगळ्या गल्लीत अंधार असला तरी नेट चालतं. जिन्यातल्या स्विचमधून तांब्याची लॅन वायर आलेली असेल, तर त्या स्विचची वीज गेल्यावर घरातला यूपीएस फुकट. आणि पावसाळ्यात गच्चीवरून उतरलेली ती वायर कडकडाट सुरू झाला की राउटरच्या वॅन पोर्टातून काढून ठेवा. विजेने मेलेल्या राउटरांत बहुतेकदा हाच पोर्ट आधी जातो. फायबरमधून वीज येत नाही, मात्र बाहेरच्या वायरीला आधारासाठी पोलादी तार जोडलेली असते. ती तार बाहेरच कापून फक्त काचेचा तंतू आत घ्यायला लाइनमनला सांगा.

परतीची मुदत संपायच्या आत चार गोष्टी तपासून घ्या. वायरीवर लॅपटॉप लावून पूर्ण प्लॅन येतो का. सगळ्यात लांबच्या खोलीत दार लावून ५ गिगाहर्ट्झ टिकतो का. प्रिंटर आणि सगळे कॅमेरे जोडले गेले का. आणि संध्याकाळी सगळे घरी असताना कॉल चालतो का. पहिली नापास झाली तर वायर किंवा पोर्ट बघा, दुसरी नापास झाली तर जागा बदला, तिसरी झाली तर २.४ ची सेटिंगं. या तिन्हींत राउटर परत करायचं कारण नाही. चौथीत क्यूओएस लावूनही आवाज तुटत राहिला, तर आरएक्स पॉवरचा फोटो काढा आणि कंपनीला पाठवा.